आबांचा अटॅक, मिरजेतले दोन दवाखाने आणि रेशनकार्डावरचं एक स्पेलिंग

फेब्रुवारीतला मंगळवार होता. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी चुलतभावाचा फोन आला. "अक्का, घाबरू नको, आबांच्या छातीत जरा दुखतंय, तालुक्याला घेऊन चाललोय." मागून गाडीचा आवाज येत होता आणि त्या आवाजात आबा कण्हत होते. आबा, म्हणजे माझे वडील, कण्हणाऱ्यातले नाहीत, बैलाने पाय चिरडला होता तेव्हासुद्धा ओठ दाबून बसलेला माणूस, त्यामुळे ते ऐकल्यावर मला पुढचं काही सांगावं लागलंच नाही.

आमचं गाव जत तालुक्यात, अगदी कर्नाटकच्या बाजूला. मी राहते सांगलीत, विश्रामबागला, एका अकाउंट्सच्या ऑफिसात काम करते. भाऊ पुण्यात. म्हणजे आबांचं काहीही झालं की पहिला धावणारा माणूस मी. आबा ६४ वर्षांचे, शुगर नाही, बीपीची गोळी आठवण आली तर घेतात, तंबाखू मात्र दिवसाला दोन पुड्या. नंतर कळलं की दुखायला लागलं होतं तीनच्या आसपास, पण त्यांना वाटलं पित्त झालंय, म्हणून सोडा पिऊन भिंतीला टेकून बसले होते. आई उठली तेव्हा बनियन पिळता येईल इतका घाम आणि डावा हात खांद्यापासून जड पडलेला. आईने चुलत्यांना हाक मारली, त्यांनी १०८ ला फोन लावला. त्या गाडीत डॉक्टर असतो हे मला माहीत होतं, पण गाडीच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात हे चुलतभावाकडून कळलं. तो म्हणाला की त्या पायलटने आणि डॉक्टरने आबांना अंगणातून एक पाऊलसुद्धा चालू दिलं नाही, आबा "चालतो की मी" म्हणत होते तरी स्ट्रेचरवरच घेतलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्याकडे पेशंटला दोन्ही बाजूंनी धरून गाडीपर्यंत चालवत न्यायची सवय आहे आणि अटॅकच्या माणसाला तेच नको असतं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर ड्युटीवर होते. पाच मिनिटांत ईसीजी निघाला, त्यांनी चार गोळ्या चघळायला आणि गिळायला दिल्या आणि चुलतभावाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की हा अटॅक आहे, मोठा आहे, इथे वेळ घालवू नका, पुढे जिथे हार्टचं सगळं आहे तिथे न्या. ईसीजीचा फोटो काढून ठेवा म्हणाले, तो फोटो भावाने मला पाठवला आणि पुढे दिवसभर तोच उपयोगी पडला. त्या दवाखान्यात एक रुपया लागला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमधे केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे, पण मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं दुसऱ्या खात्याकडे येतात, तिथे ते लागू नाही. हा फरक मला त्या दिवशी माहीत नव्हता.

पुढे कुठे न्यायचं यावर मात्र पंधरा मिनिटं गेली आणि ती पंधरा मिनिटं मला अजून टोचतात. चुलतभाऊ म्हणाला मिरज. चुलते म्हणाले सिव्हिल. कुणीतरी एक पाहुणा फोनवर कोल्हापूर म्हणत होता. आमच्या भागात दुखणं मोठं झालं की मिरजच, हे लहानपणापासून ऐकत आलोय. १८९४ मधे डॉ. वानलेस यांनी तिथे मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून माणसं बैलगाडीने आणि नंतर रेल्वेने तिथे येत राहिली, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज झालं आणि आज त्या गावात गल्लीबोळात दवाखाने आहेत. अथणी, चिकोडी, जमखंडीकडचे पेशंट रोज येतात, म्हणून कितीतरी बोर्ड मराठीबरोबर कानडीतही असतात. आमची आजी कानडीच बोलायची, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा तिथेच झालं होतं. तर शेवटी मिरज ठरलं, खाजगी ठरलं, कारण भावाच्या मित्राच्या वडिलांची अँजिओप्लास्टी ज्या हॉस्पिटलमधे झाली होती ते त्याला माहीत होतं. एवढाच आधार. तेव्हा आपण असेच निर्णय घेतो, कोण कुठे बरा झाला त्यावर.

ऑक्सिजनवाली ॲम्ब्युलन्स करून ते नागज, कवठेमहांकाळ करत सव्वासातला मिरजेत पोचले. मी स्कूटीवरून साडेसहालाच जाऊन गेटवर उभी होते. सोबत काय घेतलं होतं? एटीएम कार्ड, आबांच्या आधारचा मोबाईलमधला फोटो आणि एक स्वेटर. रेशनकार्डाची आठवणसुद्धा झाली नाही. ते गावाकडे आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली.

हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही. डॉक्टर चांगले होते, हे आधी सांगते. आबांना आत घेतलं, पुन्हा ईसीजी झाला, डॉक्टरांनी मला कागदावर हार्टचं चित्र काढून दाखवलं की समोरची मोठी नस बंद पडलेली दिसतेय, आत्ता गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊ आणि नंतर अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नसांची तपासणी, करावीच लागेल. मी हो म्हटलं. मग काउंटरवर पाठवलं. काउंटरवर डिपॉझिट ५० हजार. मी विचारलं, महात्मा फुले योजना आहे का इथे? राज्य सरकारच्या या मोफत उपचाराच्या योजनेचा मोठा फ्लेक्स दारातच लावलेला मी बघितला होता. काउंटरवरचा मुलगा वर न बघता म्हणाला, "आहे, पण योजनेचे बेड फुल आहेत, आणि कार्ड आणलंय का तुम्ही?" रेशनकार्ड नव्हतं. म्हणजे माझ्याकडे बोलायलाच तोंड नव्हतं. मी ३० हजार फोनवरून भरले, १० हजार चुलतभावाने खिशातून रोख दिले. त्या दहा हजारांची पावती काउंटरवरच्या मुलाने एका लेटरपॅडच्या चिठ्ठीवर लिहून दिली, शिक्का नाही, नंबर नाही. मी पाहिलं, माझं काम दिवसभर व्हाउचर तपासायचं आहे, तरी मी काही बोलले नाही. आत माझे वडील होते.

सव्वाआठला इंजेक्शन गेलं. नऊ वाजेपर्यंत आबांचं दुखणं निम्म्यावर आलं, चेहऱ्यावरचा तो राखेसारखा रंग जरा गेला. मला आत सोडलं तेव्हा पहिलं वाक्य, "म्हशीला कुणी पाणी पाजलं का बघ." मी आयसीयूच्या बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

दहा वाजता बोलावून पॅकेज सांगितलं. एक स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक जाळी, लागला तर एक लाख ६० हजार, दोन लागले तर वेगळं, औषधं आणि आयसीयूचे दिवस वेगळे. मी विचारलं यात स्टेंट कितीचा, तर "मॅडम, सगळं धरून पॅकेज आहे." कुणावर हा प्रसंग आला तर एक सांगते, स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागा. फेब्रुवारी २०१७ मधे केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषधाचा थर असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये आणि वर टॅक्स अशी ती होती, पुढे ती थोडी कमी-जास्त होत गेली, पण त्याआधी लाख-सव्वा लाखाचे स्टेंट माणसांनी जमीन गहाण टाकून घातलेत. आमच्याच भावकीत एकाने २०१४ ला दोन एकर दिलेत त्यात. तेव्हाही राजीव गांधी जीवनदायी योजना होती राज्यभर, त्याला कुणी सांगितलंच नाही. तीच योजना २०१७ मधे महात्मा फुले यांच्या नावाने झाली. आबा त्या माणसाला भेटायला दवाखान्यात गेले होते, आल्यावर आईला म्हणाले होते, मला असं काही झालं तर जमिनीला हात लावायचा नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात घण मारल्यासारखं वाजत होतं. पुण्याहून भाऊ निघाला होता, तो फोनवर म्हणत होता, "मी लोन काढतो, तू हो म्हण."

मला वाट दाखवली ती तिथल्याच एका सिस्टरने. सलाईनची बाटली बदलून बाहेर येताना ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, रेशनकार्ड कुठलं आहे तुमचं? केशरी आहे ना? मग १५५३८८ ला फोन करा की. इथं उभं राहून करू नका, खाली जाऊन करा." बस, इतकंच. तिचं नाव मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं, तिची नोकरी आहे ती.

मी खाली पार्किंगमधे जाऊन त्या नंबरला, म्हणजे योजनेच्या हेल्पलाईनला, फोन लावला. दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा एका मुलीने उचलला. तिने शांतपणे सगळं विचारलं, जिल्हा, आजार, हॉस्पिटल, कार्डाचा रंग. मग जे सांगितलं ते मी बिलाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं, तो कागद अजून आहे. जुलै २०२४ पासून कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं, पांढरंसुद्धा. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. अँजिओप्लास्टी यादीत आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमधे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस, बसलेला असतो, त्याला भेटायचं, काउंटरला नाही. आणि कागद हातात नसले तरी इमर्जन्सीत फोनवरून नोंद करून उपचार सुरू करता येतात, कागद ७२ तासांत द्यायचे. हे ऐकून माझे पायच गळाले. सकाळी साडेसातला मला एवढं माहीत असतं तर!

आरोग्यमित्राला शोधायला वर गेले तर खुर्ची रिकामी. "साहेब मीटिंगला गेलेत, दुपारी येतील." हेल्पलाईनवर पुन्हा फोन करून तक्रार नोंदवली, नंबर घेतला आणि त्यांच्याकडून जवळच्या, हार्टसाठी योजनेत असलेल्या हॉस्पिटलांची नावं घेतली. त्यातल्या दोघांना फोन केले. एकाने उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणी फोन थेट आरोग्यमित्र मॅडमकडे गेला आणि त्या म्हणाल्या, "बेड आहे. ईसीजी पाठवा, आमच्या डॉक्टरांना दाखवते, ते हो म्हणाले की आणा. रेशनकार्डाचा फोटो गावाकडून मागवून घ्या तोवर." वीस मिनिटांत त्यांचाच फोन आला, आणा म्हणून.

आता पहिल्या हॉस्पिटलमधून काढायचं म्हणजे डामा. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "डामा घेणार असाल तर सही करा," म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेतोय असं लिहून द्यायचं. फॉर्मवर छापलेलं होतं की वाटेत जीवाला काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही. पेन माझ्या हातात होतं आणि हात चालत नव्हता. मी डॉक्टरांना गाठलं, तेच सकाळचे डॉक्टर, आणि सरळ विचारलं, "सर, तुमचे वडील असते तर हलवलं असतं का?" ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "इंजेक्शन लागू पडलंय, आत्ता स्टेबल आहेत. कार्डियाक ॲम्ब्युलन्स घ्या, सोबत माणूस पाठवतो. संध्याकाळपर्यंत अँजिओग्राफी झाली पाहिजे, उद्यावर टाकू नका." त्या माणसाबद्दल माझ्या मनात काही राग नाही. तक्रार आहे ती काउंटरबद्दल.

सही केली. ४० हजार भरलेले होते, वर १ हजार ८०० अजून घेतले आणि उपचारांची समरी दिली. गावातल्या गावात जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सचे अडीच हजार. तीन वाजता आबा दुसऱ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत होते.

आणि इथे स्पेलिंग आडवं आलं. आईने शेजारच्या मुलाकरवी रेशनकार्डाचे फोटो पाठवले होते, एका फोटोत तिचा अंगठा आलेला, एकात ट्रंकेचं झाकण. आरोग्यमित्र मॅडमनी कार्डावरचा बारा आकडी नंबर कॉम्प्युटरवर टाकला, कुटुंब निघालं, आईचं नाव निघालं, आबांचंही निघालं, पण आधारशी जुळेना. आबांच्या नावाच्या शेवटी देव आहे. आधारवर इंग्रजीत त्या देवचं स्पेलिंग डी ई व्ही आणि रेशनकार्डाच्या ऑनलाईन नोंदीत डी ई ओ. जन्मतारीख आधारवर १ जून, आबांच्या वयाच्या अर्ध्या गावाची असते तशी, मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली, आणि रेशनच्या नोंदीत नुसतं वय, तेही तीन वर्षांनी कमी. मी स्क्रीनकडे बघत होते. वर माझ्या वडिलांच्या हृदयाची नस जेमतेम उघडी होती आणि खाली आम्ही दोन अक्षरं जुळवत होतो.

पण त्या मॅडमनी "होत नाही" असं एकदाही म्हटलं नाही. हे फार मोठं आहे, सरकारी टेबलासमोर उभं राहिलेल्याला विचारा. त्यांनी आधी फोनवरून तातडीची नोंद टाकून दिली म्हणजे कॅथलॅबचं, अँजिओग्राफी करतात त्या खोलीतलं, काम अडणार नाही. मग मला सांगितलं, "आबांचं मतदान कार्ड किंवा सातबारा, कशावर तरी नाव नीट असेल तर तो मागवा. आणि दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं पत्र लागेल." चुलतभाऊ गावाकडे परत फिरला. सरपंचांना घरून उठवून पत्र घेतलं, तलाठ्यांकडून सातबारा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागदांची पिशवी घेऊन हजर. पिशवीत आईने आबांचा धोतरजोडा आणि भाकऱ्याही घातल्या होत्या, आयसीयूत भाकरी चालत नाही हे तिला कोण सांगणार.

संध्याकाळी पावणेसातला आबांना आत घेतलं. तोवर पुण्याहून माझा भाऊ पोचला होता. हिरवा गाऊन, उजवा हात सरळ ताणून फळीवर बांधलेला. अँजिओग्राफी मांडीतून करतात एवढंच मला ऐकून माहीत होतं, इथे मनगटातून केली, भूल फक्त मनगटापुरती. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी आम्हा दोघांना काचेपलीकडच्या खोलीत बोलावलं आणि स्क्रीनवर फिल्म दाखवली. काळ्या-करड्या पडद्यावर नसा झाडाच्या मुळ्यांसारख्या पसरत होत्या, औषध सोडलं की क्षणभर दिसायच्या आणि विरून जायच्या, आणि समोरची एक नस मधेच दोऱ्याएवढी बारीक. नव्वद टक्के ब्लॉक. डॉक्टर म्हणाले बाकीच्या दोन चांगल्या आहेत, एक स्टेंट बसवतो. परत बाहेर. चाळीस मिनिटांनी पुन्हा बोलावलं, तीच फिल्म, तीच नस, पण आता शेवटपर्यंत भरून वाहत होती. माझ्या भावाने हात जोडले, डॉक्टरांना की स्क्रीनला, मला कळलं नाही.

बाहेर आणल्यावर आबांच्या मनगटाला एक पारदर्शक प्लॅस्टिकचा पट्टा होता, आत हवा भरलेली, रक्त येऊ नये म्हणून दाबून धरणारा. रात्री ठराविक वेळाने सिस्टर यायची, छोट्या सिरिंजने त्यातली थोडी हवा काढायची आणि रक्त येतंय का बघायची. आबा टक लावून बघायचे. तिसऱ्या वेळी म्हणाले, "सायकलच्या ट्यूबसारखं आहे की हे." सिस्टर म्हणाली, "होय आबा, पण पंक्चर नको, हात हलवू नका." रात्रभर हात हलवला नाही त्यांनी. सकाळी विचारलं, "आता खाजवू का?"

कागदांची बाजू पुढे तीन दिवस चालली. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीची सीडी, ईसीजी, पत्र, सातबारा सगळं अपलोड झालं, मॅडमनी बेडवर येऊन आबांचा फोटो काढला, अंगठा घेतला. अंगठा पहिल्या चार वेळा लागला नाही, शेतातल्या माणसाच्या बोटांवर रेषा राहतात कुठे, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. संध्याकाळी मंजुरीचा मेसेज आला. मी तो मेसेज आबांना वाचून दाखवला तर त्यांनी एकच विचारलं, "जमिनीला हात लावला नाहीस ना?"

चौथ्या दिवशी डिस्चार्ज. बिलाच्या जागी शून्य. एका फॉर्मवर सही घेतली की आमच्याकडून पैसे घेतले नाहीत, दहा दिवसांची औषधं दिली आणि गावाला जायचं एसटीचं भाडंसुद्धा दिलं. भाडं हातात घेताना आबा संकोचले, "हे कशाला?" म्हणून मागे सरकले. आईने घेतलं आणि पदराला बांधलं.

घरी पाठवताना डॉक्टरांनी एका गोष्टीवर फार जोर दिला, रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या वर्षभर एक दिवसही चुकवायच्या नाहीत. दात काढायचा असला, गावातल्या डॉक्टरने बंद करा म्हटलं, बरं वाटायला लागलं, तरी नाही. बंद केल्या तर स्टेंटमधेच गुठळी होते. दहा दिवसांनंतरची औषधं आता आम्ही जनऔषधीच्या दुकानातून घेतो, निम्म्याहून कमी पैशांत येतात, फक्त डॉक्टरांकडून कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्यायचं. मी आबांच्या गोळ्यांच्या डब्यावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चांदणी काढून दिलीय, आईला वाचता येत नाही आणि गोळ्या तीच देते. तंबाखूची पुडी आईने चुलीत टाकली. महिन्याने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली, पंपिंग ४५ टक्के आलं, डॉक्टर म्हणाले इंजेक्शन आणि स्टेंट दोन्ही वेळेत झाले म्हणून एवढं राहिलं. त्या इंजेक्शनचं श्रेय पहिल्या हॉस्पिटलचं आहे, ते मी नाकारत नाही.

पहिल्या हॉस्पिटलच्या पैशांचं काय झालं, हे मला बरेच जण विचारतात. मी योजनेच्या जिल्हा समन्वयकांच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली, हेल्पलाईनचा तक्रार नंबर लावला. त्यांनी पावत्या मागितल्या. तीस हजारांचा फोनवरचा व्यवहार होता, त्याची नोंद निघाली. चिठ्ठीवरचे दहा हजार हॉस्पिटलने मान्यच केले नाहीत. दोन महिन्यांनी १४ हजार परत आले, बाकीचे इंजेक्शन आणि आयसीयूचे म्हणून धरले गेले. दहा हजारांसाठी मी अजून पत्रव्यवहार करतेय. पैसा चुलतभावाच्या द्राक्षांच्या फवारणीचा होता, त्याने त्या हंगामात तो उसना घेऊन भरला, आणि तो एकदाही बोलला नाही त्याबद्दल.

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगू? मिरजेत त्या दिवशी सगळं होतं. कॅथलॅब होती, डॉक्टर होते, योजना होती, बेडही होता, पंधरा मिनिटांच्या अंतरावर. तरी पहाटे तीनला दुखायला लागलेल्या माणसाची अँजिओग्राफी व्हायला संध्याकाळचे सात वाजले, आणि त्यातले मधले पाच तास काउंटर, रिकामी खुर्ची आणि फोन यातच गेले. मी शिकलेली आहे, रोज कागदांतच असते, मला कुणीतरी हळूच नंबर सांगितला. आयसीयूबाहेर माझ्या शेजारी विजापूरकडची एक बाई बसली होती, नवरा आत, मराठी तुटक, हातात पिशवी. ती काउंटरवर जाऊन आली की प्रत्येक वेळी गळ्यातल्या डोरल्याला हात लावून बघायची. कर्नाटकचं कार्ड आहे तर त्यांचं आयुष्मान कार्ड निघतं का हे विचारायला मी आयुष्मानच्या हेल्पलाईनला, १४५५५ ला, फोन लावून तिच्या मुलाला बोलायला दिलं, पण तेवढ्यात आमची ॲम्ब्युलन्स आली आणि मी निघाले. पुढे काय झालं माहीत नाही. नंतर एकदा मुद्दाम जाऊन चौकशी केली, कुणाला आठवत नव्हतं.

गावाकडे आता आम्ही घरातल्या सगळ्यांची कार्डं आणि आधार एका प्लॅस्टिकच्या फाईलीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवलीत, आणि भिंतीवर चुन्याने १०८ आणि १५५३८८ लिहिलंय. ते बघून चुलत्यांनी त्यांच्या घरात लिहिलं, मग समोरच्यांनी. रेशनकार्डावरचं आबांचं नाव दुरुस्त करायला मी तहसीलला चार हेलपाटे घातले. परवा नोंद झाली. आबांना फोन करून सांगितलं, आता दोन्हीकडे डी ई व्ही. ते म्हणाले, "बरं झालं. आता आईचं बघ, तिच्या आधारवर माहेरचं नाव आहे."